घोडीला सोबत कोणाची आणावी? शेळी, गाढव की आणखी कोणी?

आयाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी घोडी १४ वर्षांची आहे. तिच्या जोडीचा म्हातारा घोडा दोन महिन्यांपूर्वी पोटशूळाने गेला. तेव्हापासून ती कुंपणाच्या एकाच कडेने येरझारा घालते. तिथलं गवत संपून आता पायवाट पडलीय. रात्री तबेल्याच्या दारात उभी राहून या पायावरून त्या पायावर डोलत असते. चंदी खाता खाता मध्येच थांबते, कान टवकारते, खिंकाळते, जरा वेळ ऐकत राहते आणि पुन्हा तोंड खाली घालते. बघवत नाही.

दुसरा घोडा सध्या झेपणार नाही. घरात प्रत्येकाचं वेगळंच चाललंय. आई म्हणते शेळी आण, शेजारीण म्हणते कोंबड्या, भाऊ म्हणतो डुक्कर (तो गंभीरपणे म्हणतोय, हेच दुःख). मला स्वतःला गाढव आवडतं. कुरण एकच आहे पण मधून कुंपण घालता येईल. तबेल्यात दोन खण. ज्यांच्याकडे घोड्याबरोबर दुसरी जनावरं आहेत त्यांनी अनुभव लिहा, प्लीज.

गव्हाण

शेळी आणा. एक नको, दोन आणा, कारण शेळी स्वतः कळपातली. एकटी आणलीत तर दोन एकटे जीव सांभाळत बसाल.

माझ्याकडे खच्ची केलेले दोन बोकड आहेत, बिनशिंगी. बिनशिंगी हे दोनदा वाचा. घोडा मान खाली घालून चरतो तेव्हा त्याचा डोळा नेमका शिंगाच्या उंचीवर येतो. बोकडाच्या मनात काही नसतं, तो माशी उडवायला मान झटकतो, आणि घोड्याचा डोळा जातो.

बाकी त्रास किरकोळ पण रोजचे. लगाम, दोर, झूल, जे लोंबतं ते चघळायचं. आमच्या घोड्याची शेपटी एका रात्रीत गुडघ्यापर्यंत आली, तीही पट्टी लावून कापल्यासारखी. तो बिचारा रात्रभर शांत उभा. सकाळी माशा वारायला शेपटी फिरवली तर माशीपर्यंत पोचेना. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मोठी अडचण कुंपणाची. शेळी आत राहावी म्हणून बारीक चौकोनांची जाळी लावावी तर घोड्याचा खूर त्या चौकोनात अडकतो, नाल असेल तर आणखीच. घोड्याला मानवेल असं आडव्या फळ्यांचं कुंपण केलं की शेळीला ते दारच वाटतं. आम्ही शेवटी फळ्यांना बाहेरच्या बाजूने खूप बारीक छिद्रांची जाळी मारली, टाप आत जाणारच नाही अशी.

आणि बोकडांना घोड्याची चंदी खाऊ देऊ नका. धान्यावर वाढलेल्या खच्ची बोकडाला मुतखडा होतो, लघवी तुंबते आणि दोन दिवसांत जीव जातो. माझा एक गेलाय तसा. तेव्हापासून चंदीच्या वेळी बोकड बंद म्हणजे बंद.

कुंपणावरची

सीबिस्किटची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतला शर्यतीचा घोडा, १९३८ मध्ये वॉर ॲडमिरल या घोड्याला हरवलं तो. नवा आणला तेव्हा इतका बिथरलेला की खणात सतत गोल गोल फिरायचा. ट्रेनरने जुन्या रिवाजाप्रमाणे त्याच्या खणात शेळी सोडली. थोड्या वेळाने बघतात तर सीबिस्किटने शेळी दातांत धरलेली, आणि हलवून हलवून दारावरून बाहेर फेकून दिली! मग त्याला पंपकिन नावाचा शांत घोडा दिला, तेव्हा गडी थाऱ्यावर आला. पुढे एक भटका कुत्रा आणि जोजो नावाचं माकडही राहायला आलं.

तात्पर्य काढायचं तर ज्याचं त्याने काढा. पण शेळी आणणार असाल तर परत करायची सोय आधी बोलून ठेवा.

लंबकर्ण

आयडीवरून कळलंच असेल मी कोणाच्या बाजूने आहे. :)

गाढव आणाच, पण "लहान घोडा" समजून आणू नका. घोडा घाबरला की पळतो. गाढव थांबतं, बघतं, विचार करतं. याला लोक हट्टीपणा म्हणतात. दोघांची भाषाही थोडी वेगळी. माझ्या घोडीला गाढवाचा खेळ कळायला महिना लागला. गाढव मानेला, पायाला तोंड घालून खेळतं, आणि तिला वाटायचं हा मारामारीला आलाय.

खाणं हा खरा प्रश्न. गाढव कोरड्या, ओसाड मुलखातलं जनावर, काड्याकुटक्यांवर निभावणारं. घोड्याच्या हिरव्यागार कुरणात सोडलंत तर मानेवर चरबीची वळकटी चढते, मग खूर दुखायला लागतात. आमचं गाढव बहुतेक वेळ पेंढ्यावर असतं. त्यातही गंमत अशी की जाड गाढवाला उपाशी ठेवूनही चालत नाही. खाणं अचानक तुटलं, किंवा जोडीदार गेल्याच्या धक्क्याने त्याने खाणं टाकलं, तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं. म्हणून गाढवं आणायची तर एकमेकांना लागलेली जोडीच आणा.

पावसाचंही बघा. गाढवाच्या केसांतून पाणी निथळून जात नाही, आत मुरतं. घोडी भर पावसात मजेत चरत असते आणि आमचे दोघे छपराखाली तोंड पाडून उभे.

नर असेल तर खच्ची केलेला घ्या. नाहीतर साधारण वर्षभराने खेचराच्या बारशाला बोलवा आम्हाला.

मोतद्दार

वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे, पण प्रश्न उलटा मांडला गेलाय असं मला वाटतं. कोणतं जनावर आणू, याच्या आधी घोडीला काय कमी पडतंय ते बघा.

माझं अर्धं आयुष्य पागेत गेलं. घोड्याला दुसऱ्या घोड्याकडून दोन गोष्टी मिळतात ज्या शेळीकडून मिळत नाहीत. पहिली खाजवणं. दोन घोडे उलटसुलट उभे राहून एकमेकांच्या वशिंडाच्या जागी, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते तिथे, दातांनी खरारा करतात ते पाहिलं असेल. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. हे १९९३ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. आपल्या हातच्या खराऱ्यानेही होतं, पण आपण दिवसात अर्धा तास तिथे असतो.

दुसरी झोप. घोडा उभ्या उभ्या डुलक्या काढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. दिवसाला अर्धा-पाऊण तास पुरते, पण ती लागतेच. आणि रानातलं सावज आडवं कधी होणार? कोणीतरी जागं उभं असेल तेव्हा. एकटा घोडा कित्येकदा आडवा होतच नाही. मग उभ्यानेच डोळा लागतो, गुडघे मुडपतात, दचकून सावरतो.

आयाळताई, एक करा. घोडीच्या पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यांवर, खुराच्या जरा वर, समोरून हात फिरवून बघा. खरचटलेलं, खपली धरलेलं काही लागतंय का?

स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणीरक्षण नियमांत हेच लिहून टाकलं. घोड्याला दुसरा घोडा, निदान गाढव वा खेचर, दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे, त्याचा वास आला पाहिजे. शेळी त्यात धरलेली नाही.

कुंपणावरची

काका, म्हणजे एकटा जीव सदाशिव हे घोड्याला लागू नाही तर.

जाता जाता, आरसा लावला तर? चेष्टा नाही, कुठेतरी वाचलं होतं.

ढोरवैद्य

चेष्टा नाहीच. २००२ मध्ये यावर अभ्यास झाला. खणात आरसा लावल्यावर डोलणाऱ्या घोड्यांचं डोलणं बरंच कमी झालं. तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे, फक्त काच नको, न फुटणारा आरसा हवा. पण आरसा राखणीला जागा राहत नाही, त्यामुळे काकांच्या दुसऱ्या मुद्द्याला तो कामाचा नाही.

माझा मुद्दा वेगळाच आहे. पेशाने जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

घोडं पेंड कुठे खातं ते अजून कोणी सांगितलंच नाही, आणि इथे ते शब्दशः पेंड खातं. तुम्ही कुठलंही दुसरं जनावर आणलं की त्याच्याबरोबर त्याचं पोतं येतं. गाईगुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांत ते वाढीसाठी, कोंबडीच्या पिल्लांत रक्ती हगवणीच्या जंतूंवर. त्यांना ते चालतं. घोड्याला ते विष आहे. वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम घोड्याला मारायला पुरतात. कोंबडी त्याच्या कित्येक पट पचवते.

मी एका ठिकाणी गेलो होतो तिथे पिल्लांचं पोतं आणि चंदीचं पोतं शेजारी शेजारी, माप एकच. मुलाने अंधारात चुकीच्या पोत्यातलं माप भरलं, बस्स. सकाळी घोडा घामाने निथळत उभा, मागचे पाय लटपटत होते. घरच्यांना वाटलं पोटशूळ. कान लावला तर हृदयाचा ताल सुटलेला. यावर उतारा नाही. पोटात गेलेलं थोडं अडवता येतं, बाकी वाट बघायची. तो वाचला, पण हृदयाच्या स्नायूला एकदा मार बसला की घोडा बाहेरून धडधाकट दिसतो आणि महिन्यांनी एखाद्या दिवशी स्वाराखाली कोसळतो. त्याच्यावर पुन्हा खोगीर चढवू नका असं मला सांगावं लागलं. त्या मुलाचा चेहरा विसरलो नाही.

उलट दिशेनेही असंच. घोड्याच्या तयार खुराकात तांबं घातलेलं असतं. मेंढीला ते साचून साचून मारतं. महिनोन् महिने काही दिसत नाही, मग एक दिवस लघवी लाल आणि मेंढी आडवी. शेळी त्यामानाने तांबं सोसते. म्हणून घोड्याच्या गव्हाणीतलं उष्टं मेंढीपुढे टाकू नये.

तेव्हा जनावर निवडण्याआधी पोती कुठे ठेवणार ते ठरवा. वेगळी खोली, कडी लागणारं झाकण, वेगवेगळी मापं. पोत्याला चिकटवलेलं लेबल फाडून फेकू नका.

गव्हाण

डॉक्टर, अंगावर काटा आला. आमच्याकडेही माप एकच आहे. होतं. आत्ताच उठून दुसरं ठेवून आले.

पिसारा

कोंबडीवाल्यांची बाजू मांडते. कोंबड्या सोबत म्हणून नाहीतच, त्या करमणूक म्हणून. लीद उकरून माशांच्या अळ्या टिपतात, सांडलेले दाणे वेचतात, घोड्याच्या पायांत निवांत फिरतात. कुठे काही फडफडलं की बिथरणारा आमचा घोडा कोंबड्यांमुळे बराच निर्ढावला.

पण रात्री त्यांना वेगळं खुराडं हवंच. गव्हाणीच्या वरच्या वाशावर बसू दिलंत तर सकाळी वैरणीवर पांढरे ठिपके. घोडा ती वैरण टाकतो, आणि नाही टाकली तर साल्मोनेला या जुलाबाच्या जंतूंची भीती. पाण्याच्या हौदाच्या काठावरही बसू देऊ नका.

डॉक्टरांनी सांगितलेलं पिल्लांचं खाद्य मी आता घोड्याच्या बाजूला आणतच नाही.

ता.क. कोंबडा घेऊ नका. हा सल्ला घोड्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी आहे.

मोतद्दार

कुरण मोठं असेल तर गाई आणि मेंढ्यांइतका उपयोग कोणाचा नाही. घोडा कुरणाची वाट लावतो. एका कोपऱ्यात लीद टाकत राहतो आणि तिथलं गवत तोंडात घेत नाही. ते कमरेएवढं वाढतं, बाकीचं मैदान मात्र हजामत केल्यासारखं. गाय ते उंच गवत जिभेने गुंडाळून ओढते, मेंढी उरलेलं सारखं करते.

जंतांचंही तसंच. घोड्याचे बहुतेक जंत गाई-मेंढीच्या पोटात गेले की मरतात, त्यांचे याच्या पोटात. कुरण आपोआप झाडून निघतं. सगळेच मरतात असं नाही हं, पोटातला एक बारीक जंत तिघांनाही चालतो, आणि पाणथळ जागा असेल तर यकृतातली चपटी कृमी घोड्यालाही लागते.

एकच गाय आणि एकच घोडी असेल तर मात्र शिंगांचा आणि लाथांचा हिशोब नीट बघा. घोडी दुगाण्या झाडते तेव्हा समोर कोण आहे ते बघत नाही.

ढोरवैद्य

काकांच्या जंतांच्या हिशोबात गाढव बसत नाही. घोडा आणि गाढवाचे जंत एकच. शिवाय गाढवाच्या फुप्फुसात एक जंत असतो, गाढव साधं शिंकतही नाही, पण सोबतचा घोडा महिनोन् महिने खोकत राहतो. घोड्यात तो जंत बहुधा पूर्ण वाढत नाही, म्हणून घोड्याची लीद तपासून काही सापडत नाही. तपासायची गाढवाची. औषध आहे, आणि आणण्याआधी दिलं की प्रश्न मिटतो. @लंबकर्ण, हे तुम्ही लिहायला हवं होतं.

आणि नवं जनावर घोडा असो की गाढव, पहिले तीन-चार आठवडे लांब ठेवा. बादली, दोर, खरारा सगळं वेगळं. गळ्यात गाठी येणारा घोड्यांचा रोग बरा झालेला वाटतो आणि जंतू घशाजवळच्या पिशवीत महिनोन् महिने दबा धरून असतात.

लंबकर्ण

मान्य, चुकलंच. प्रेमात आंधळा झालो.

आमच्यात खोकला झाला होता. मी सगळा दोष वैरणीच्या धुळीवर ढकलून मोकळा.

कुंपणावरची

डुकराचं कोणीच बोलत नाहीये. भाऊसाहेब वाट बघत असतील.

मोतद्दार

बहुतेक घोडे डुकराच्या नुसत्या वासाने पळ काढतात. सवय होते, पण महिना-महिना जातो, आणि त्या काळात घोडी कुंपण मोडून गेली तर काय करायचं? ताई, तुमची घोडी आधीच येरझारा घालतेय. भाऊसाहेबांना मांजर द्या. उंदीर कमी होतील, धान्यातली घाण कमी होईल.

आयाळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांचा प्रतिसाद वाचून टॉर्च घेऊन तबेल्यात गेले. पुढच्या दोन्ही पायांना, काकांनी सांगितलं तिथेच, खपल्या आहेत. एक जुनी, एक ओली. मी आठवडाभर त्यावर मलम लावतेय, कुंपणाच्या फळीवर घासलं असेल असं समजून.

मग तिथेच बादली उपडी घालून बसले. पाऊण वाजता तिची मान खाली खाली जायला लागली, ओठ लोंबला, पुढचा गुडघा एकदम मुडपला आणि ती खाडकन उभी. डोळे विस्फारलेले. तासाभरात असं तीनदा झालं.

म्हणजे हा प्रश्न करमणुकीचा नव्हताच. शेळी मला आवडेल, पण शेळी जागी आहे म्हणून ही झोपेल का?

मोतद्दार

काही झोपतात. खात्री कोणी देणार नाही. तोवर तुमचं तिथे बसणं वाया जाणार नाही.

आणि घोडा म्हणजे तरुण, स्वारीचाच हवा असं कोणी सांगितलं? स्वारीतून सुटलेले म्हातारे घोडे कितीतरी लोकांना चांगल्या घरी द्यायचे असतात. खर्च आहेच. दात झिजलेले असतात, वैरण भिजवून द्यावी लागते. पण तो उभा राहायचं काम चोख करेल.

गव्हाण

काकांना अनुमोदन. शेळीवाली असून सांगतेय.

आयाळ (धागाकर्ती)

उशिरा अपडेट देतेय, क्षमस्व.

ओळखीतून २२ वर्षांचा एक खच्ची घोडा मिळाला, सांभाळायला म्हणून. गुडघे आखडलेत, स्वारी बंद. चार आठवडे कुरणाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला, बादल्या-दोर सगळं वेगळं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. पहिल्या दिवशी घोडीने त्याला लांबून पाहिलं आणि येरझारा थांबल्या. नुसतं दिसण्याने! मग आठ दिवस मधलं कुंपण ठेवून. नाकाला नाक, किंचाळणं, पुढचा पाय आपटणं, सगळं यथासांग झालं. तेराव्या दिवशी दोघे उलटसुलट उभे राहून एकमेकांची पाठ चावत होते.

पोती वेगळ्या खोलीत गेलीत, कडीसकट. भाऊ अजून डुकराचं म्हणतोय. बोकडांचं पावसाळ्यानंतर बघू.

आज सकाळी खरारा करायला घेतला तर घोडीच्या आयाळीत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या, आणि डाव्या कुशीवर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, लिदेचा हा एवढा डाग. इतकी घाणेरडी ती गेल्या कित्येक दिवसांत झाली नव्हती. डाग काढायला पाऊण तास लागला.

मोतद्दार

फोटो टाका. डागासकट.

आयाळ (धागाकर्ती)

काढायचं सुचलंच नाही काका. उद्या सकाळी पुन्हा असेलच.